फील्ड मार्शल करिअप्पा : निवृत्तीच्या दिवसाचे मानकरी

आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत जानेवारी महिन्याला लष्कराच्या दृष्टीने विशेष स्थान आहे. सव्वीस तारखेचे दिल्लीतील संचलन सर्वांच्या परिचयाचे आहे. पंधरा तारखेचा सेनादिनही वृत्तपत्रांच्या वाचकांना ठाऊक असतो. परंतु सेनादिनाच्या आदल्या दिवशी, म्हणजे चौदा जानेवारीला, २०१६ पासून आपल्या देशात सशस्त्र सेना माजी सैनिक दिन पाळला जातो, हे पुष्कळांना माहीत नसते. त्या दिवशी कचेऱ्या बंद नसतात आणि शाळांना सुटी नसते. छावण्यांतून माजी सैनिकांचे मेळावे भरतात, युद्धस्मारकांवर पुष्पचक्रे वाहिली जातात आणि सायंकाळी सारे आपापल्या घरी परततात. मग हीच तारीख का निवडली गेली, असा प्रश्न जिज्ञासू वाचकाला पडणे साहजिक आहे. या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या चरित्रात सापडते, आणि तेच चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

तत्पूर्वी इतर देशांतील प्रथेकडे एक दृष्टिक्षेप टाकू. अमेरिकेत माजी सैनिकांचा दिवस अकरा नोव्हेंबरला असतो आणि ती तेथील राष्ट्रीय सुटी आहे. १९१८ साली त्या दिवशी सकाळी अकरा वाजता पहिल्या महायुद्धातील तोफा थंडावल्या. प्रारंभी तो युद्धविरामाचा दिवस म्हणून पाळला जाई. पुढे दुसरे महायुद्ध आणि कोरियाचे युद्ध होऊन गेल्यावर, १९५४ साली, त्याला सर्व माजी सैनिकांच्या सन्मानाचे रूप देण्यात आले. ब्रिटनमध्येही त्याच तारखेच्या सुमारास हुतात्म्यांचे स्मरण होते. या दिवसांचे मूळ एका युद्धाच्या समाप्तीत आहे. आपल्या दिवसाचे मूळ मात्र कोणत्याही लढाईत किंवा तहात नाही. एका सेनापतीने नोकरीची मुदत संपताच गणवेश उतरविला आणि तो शांतपणे घरी गेला, त्या दिवसाचे हे स्मरण आहे. त्या सेनापतीचे नाव कोदंडेरा मडप्पा करिअप्पा.

करिअप्पांचा जन्म २८ जानेवारी १८९९ रोजी कुर्ग प्रांतातील, म्हणजे आजच्या कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यातील, शनिवारसंते या गावी झाला. वडील महसूल खात्यात नोकरीस होते. कोडगू हा सह्याद्रीच्या कुशीतील डोंगराळ मुलूख, कॉफीच्या मळ्यांचा आणि गर्द रानाचा. तेथील कोडवा समाज संख्येने लहान, पण शस्त्रपूजेची आणि शिकारीची परंपरा निष्ठेने सांभाळणारा. मडिकेरीच्या शाळेतील शिक्षण आटोपून करिअप्पा मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. त्याच सुमारास पहिले महायुद्ध निर्णायक अवस्थेत आले होते. तोवर हिंदी माणसाला लष्करात शिपाई होता येई, फार तर सुभेदार होता येई. परंतु राजाच्या सनदेचा अधिकारी होण्याची वाट त्याला जवळजवळ बंद होती. युद्धात हिंदी सैनिकांनी गाळलेल्या रक्ताची थोडीबहुत परतफेड म्हणून सरकारने ही वाट किंचित उघडली आणि इंदूर येथे निवडक तरुणांसाठी डेली कॅडेट कॉलेज सुरू केले. होळकरांच्या त्या नगरीत, आपल्यापैकी कित्येकांचे आप्तेष्ट आजही जेथे नांदत आहेत तेथे, करिअप्पांचे लष्करी शिक्षण झाले. १ डिसेंबर १९१९ रोजी ते अधिकारी झाले आणि त्यांची पहिली नेमणूक मुंबईस कर्नाटक पलटणीत झाली.

त्यानंतरची वर्षे बदल्यांची आणि मोहिमांची होती. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, त्यांनी सेवा केली. १९२३ मध्ये ते राजपूत रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत आले आणि तेच त्यांचे लष्करातील घर ठरले. फत्तेगडच्या मुक्कामात एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या पत्नीला त्यांचे नाव उच्चारता येईना. तिने त्यांना किपर असे सुटसुटीत नाव दिले आणि ते त्यांना आयुष्यभर चिकटले. परप्रांतात आपल्या आडनावांची जी गंमत होते ती अनुभवलेल्या वाचकांना या प्रसंगाचे मर्म सहज कळेल.

करिअप्पांच्या वाट्याला आलेले अनेक मान हे त्या जागी पोचलेल्या पहिल्या हिंदी माणसाचे होते. १९३३ मध्ये क्वेट्टाच्या स्टाफ कॉलेजात प्रवेश मिळविणारे ते पहिले हिंदी अधिकारी. १९४२ मध्ये एका संपूर्ण पलटणीचे नेतृत्व हाती आलेलेही तेच पहिले. दुसऱ्या महायुद्धात इराक, सीरिया व इराण आणि पुढे ब्रह्मदेश येथे त्यांनी काम केले. या साऱ्या वाटचालीत त्यांच्यावर एक अदृश्य ओझे होते. त्यांच्या हातून चूक झाली असती तर ती एका अधिकाऱ्याची चूक मानली गेली नसती. हिंदी माणूस अधिकारपदास नालायक आहे, या जुन्या समजुतीचा तो पुरावा ठरला असता. त्यांची कडक शिस्त, वेळेचा अतिरेकी वाटणारा काटेकोरपणा आणि पोशाखाची निर्दोष टापटीप यांचे रहस्य याच ओझ्यात असावे, असे आम्हांस वाटते. त्यांची राहणी साहेबी होती आणि हिंदी भाषा त्यांना सराईतपणे येत नसे. त्यामुळे त्यांची थट्टाही होई. परंतु शिपायांच्या जेवणाची, निवाऱ्याची आणि घरच्या अडचणींची त्यांना काळजी असते, हे शिपाई ओळखून होते.

१९४७ मध्ये स्वातंत्र्य आले आणि त्याबरोबर फाळणीही आली. ज्या पलटणींनी एकत्र रक्त सांडले होते त्यांची वाटणी झाली. काश्मीरवर आक्रमण झाले, आणि १९४८ च्या जानेवारीत पश्चिम आघाडीची सूत्रे लेफ्टनंट जनरल करिअप्पांकडे आली. नौशेरा राखणे, झांगर परत मिळविणे आणि वेढल्या गेलेल्या पूंछशी संपर्क साधणे ही कामे त्यांच्या कारकिर्दीत पार पडली. लेहचा मार्ग मोकळा करण्यासाठी त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीवरील झोजी खिंडीत भारतीय रणगाडे जाऊन उभे राहिले. एवढ्या उंचीवर रणगाडे येतील असे शत्रूच्या स्वप्नातही नव्हते. याच आघाडीवर, एप्रिल १९४८ मध्ये, कारवारकडील सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी नौशेरा ते राजौरी हा मार्ग सुरुंग काढून रणगाड्यांसाठी खुला केला आणि परमवीर चक्र मिळविले. बॉम्बे सॅपर्सच्या या वीराचे नाव मराठी माणसाने विसरू नये.

१५ जानेवारी १९४९ रोजी जनरल सर रॉय बुचर यांच्याकडून करिअप्पांनी सरसेनापतिपदाची सूत्रे घेतली. भारताच्या भूदलाचा पहिला भारतीय सरसेनापती त्या दिवशी लाभला आणि म्हणूनच तो सेनादिन झाला. पुढची चार वर्षे त्यांनी सैन्याची नवी घडी बसविण्यात घालविली. इंग्रजांनी पलटणी जातीजातींच्या पायावर उभारल्या होत्या. करिअप्पांनी १९४९ मध्ये ब्रिगेड ऑफ द गार्ड्सची स्थापना करून सर्व जातींचे व प्रांतांचे जवान एकाच पलटणीत आणले, आणि या प्रयोगासाठी दिलेल्या जुन्या नामांकित पलटणींत त्यांची स्वतःची राजपूत पलटणही होती. प्रादेशिक सेना त्याच वर्षी उभी राहिली. सात डिसेंबरचा ध्वजदिनही १९४९ चाच. शाळेत असताना छातीवर कागदी ध्वज लावून डब्यात नाणे टाकल्याची आठवण वाचकांपैकी अनेकांना असेल. तो पैसा सैनिकांच्या, माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या कल्याणासाठी असतो.

सैन्याने राजकारणापासून दूर राहावे, असा त्यांचा सेनापती या नात्याने आग्रह होता. शेजारच्या काही देशांत सेनापतींनी सत्ता बळकावल्या. भारतात तसे घडले नाही. याची कारणे अनेक आहेत, आणि पहिल्या भारतीय सरसेनापतीने घालून दिलेला पायंडा हे त्यांपैकी एक आहे. १४ जानेवारी १९५३ रोजी त्यांची मुदत संपली. तत्पूर्वी ते आपल्या मुलांना घेऊन फत्तेगडला राजपूत रेजिमेंटच्या केंद्राचा निरोप घेऊन आले होते. ठरल्या दिवशी त्यांनी जनरल राजेंद्रसिंहजींकडे सूत्रे सोपविली. पदावर राहण्यासाठी खटपट झाली नाही आणि कुरकुरही झाली नाही.

त्यानंतर १९५६ पर्यंत ते ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे भारताचे उच्चायुक्त होते. मग मडिकेरीच्या आपल्या रोशनआरा या घरी ते परतले. येथे बहुतेकांची चरित्रे संपतात. करिअप्पांच्या चरित्राचा मात्र एक मोठा भाग येथून पुढे आहे.

सैनिकाची निवृत्ती ही आपल्यासारख्या नोकरदारांच्या निवृत्तीहून फार निराळी असते. आपण अठ्ठावन्न वा साठाव्या वर्षी निवृत्त होतो, तोवर मुले बहुधा मार्गी लागलेली असतात. साधा जवान पस्तिशी-चाळिशीतच गणवेश उतरवितो. मुले लहान असतात, आईवडील थकलेले असतात, गावची जमीन भावांत वाटली गेलेली असते आणि बंदूक चालविण्याचे कसब बाजारात उपयोगी पडत नाही. ज्या गावातून तो गेला ते गाव त्याच्यावाचून चालायला शिकलेले असते. कागदपत्रांतील एखाद्या अक्षराच्या चुकीपायी विधवेचे निवृत्तिवेतन अडून राहते. युद्ध चालू असताना जयघोष करणारा समाज शांततेच्या काळात या माणसाला ओळखत नाही. २०२२ पासून चार वर्षांच्या मुदतीची भरती सुरू झाल्याने यापुढे तर पंचविशीच्या आतले तरुणही मोठ्या संख्येने गणवेश उतरवून घरी येणार आहेत. प्रश्न जुना आहे, पण तो मिटलेला नाही.

करिअप्पांनी हा प्रश्न आपला मानला. १९६४ मध्ये माजी सैनिकांची अखिल भारतीय संघटना, इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग, स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. देशभर फिरून ते माजी सैनिकांच्या मेळाव्यांना जात, त्यांची गाऱ्हाणी ऐकत आणि ती अधिकाऱ्यांपुढे मांडीत. १९६५ आणि १९७१ च्या युद्धकाळात ते वृद्धापकाळीही जवानांना भेटण्यास आघाडीवर गेले.

१९६५ च्या युद्धातील एक प्रसंग सर्वश्रुत आहे. त्यांचे चिरंजीव नंदा हे वायुसेनेत वैमानिक होते. युद्धाच्या अखेरीस त्यांचे विमान पाडले गेले आणि ते पाकिस्तानच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडले. पाकिस्तानचे तत्कालीन अध्यक्ष अयूबखान हे फाळणीपूर्वी करिअप्पांच्या हाताखाली काम केलेले अधिकारी. त्यांनी जुने नाते स्मरून विशेष सवलतीची तयारी दर्शविली. करिअप्पांनी ती नम्रपणे नाकारली. सर्वच भारतीय युद्धकैदी आपले पुत्र आहेत आणि जी वागणूक सर्वांना मिळेल तीच नंदाला मिळावी, असे त्यांनी कळविले. मुलगा काही महिन्यांनी इतर कैद्यांप्रमाणे परत आला. त्या महिन्यांत पित्याच्या मनावर काय बेतले असेल, याची कल्पना दूरदेशी मुले असलेल्या प्रत्येक घराला करता येईल.

हे चरित्र निर्दोष होते असे आमचे म्हणणे नाही. निवृत्तीनंतर त्यांनी व्यक्त केलेल्या काही राजकीय मतांवर टीका झाली. १९७१ मध्ये त्यांनी मुंबईतून लोकसभेची निवडणूक लढविली आणि मतदारांनी त्यांना नाकारले. रणांगण जिंकणाऱ्या माणसाला मतपेटी जिंकता येतेच असे नाही. त्यांनी तो कौल स्वीकारला आणि ते आपल्या सैनिकांकडे परतले.

एप्रिल १९८६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांना फील्ड मार्शल हा सर्वोच्च किताब देण्यात आला. भूदलात हा मान त्यांच्यापूर्वी केवळ माणेकशा यांना लाभला होता. लष्करी नियमाप्रमाणे फील्ड मार्शल कधीच निवृत्त होत नाही. तो अखेरपर्यंत सेवेत गणला जातो. ज्यांच्या निवृत्तीचा दिवस आपण पाळतो ते गृहस्थ अशा रीतीने अखेरच्या सात वर्षांत पुन्हा सैनिकच होते. १५ मे १९९३ रोजी बंगळूर येथे त्यांनी देह ठेवला आणि मडिकेरीच्या भूमीत लष्करी इतमामाने त्यांचे अंत्यसंस्कार झाले.

चौदा जानेवारीचा अर्थ आम्हांस असा दिसतो. रणात पडलेल्यांचे स्मरण करण्यास स्मारके आहेत. हा दिवस परत आलेल्यांचा आहे. जो सैनिक जिवंत परतला, त्याच्याविषयी राष्ट्राचे कर्तव्य त्याच्या परतण्याने संपत नाही, तर तेथे त्याचा आरंभ होतो.

बहुतेक वर्षी याच दिवशी मकरसंक्रांत असते. परप्रांतात राहूनही आपल्या घरोघरी तिळगूळ होतो आणि मंडळात हळदीकुंकवाचा समारंभ रंगतो. आपल्याच वसाहतीत, एखाद्या इमारतीच्या फाटकाशी रखवालदाराच्या खुर्चीवर किंवा बँकेच्या दाराशी जुनी बंदूक घेऊन, एखादा माजी जवान बसलेला असतो. तो कोणत्या पलटणीत होता, कोणत्या आघाडीवर होता, हे आपण सहसा विचारीत नाही. येत्या संक्रांतीला मंडळाच्या सभासदांनी मुलांना बरोबर घेऊन त्याच्याकडे तिळगूळ न्यावा, त्याच्या पलटणीचे नाव विचारावे आणि त्याची हकीकत ऐकावी, अशी आमची विनंती आहे. त्याचा एखादा अर्ज अडला असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत त्याच्यासमवेत जाण्यास मंडळातील लिहिणारे-वाचणारे हात पुष्कळ आहेत.