पिंजऱ्यातला वायू आणि माणिकरंगी सोने

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२३ साली मायकेल फॅरेडे काही पिवळसर स्फटिकांचे पृथक्करण करत होते. क्लोरीन वायू थंडगार पाण्यात सोडला की हे स्फटिक तयार होतात. त्यात क्लोरीनच्या एका भागाला पाण्याचे सुमारे दहा भाग असल्याचे त्यांना आढळले. ते बंद नळीत तापवून पाहावेत, असे त्यांचे वरिष्ठ हम्फ्री डेव्ही यांनी सुचवले. उष्णता लागताच स्फटिक विरघळले आणि नळीत तेलकट थेंब दिसू लागले. त्या वेळी आलेल्या एका डॉक्टरांनी मळकी नळी वापरल्याबद्दल फॅरेडे यांची थट्टाही केली. ते तेल नव्हते, तो द्रवरूप क्लोरीन होता. पाण्यातून सुटलेला वायू स्वतःच्याच दाबाने द्रव झाला होता.

हे काम जिवावरचे होते. एका स्फोटानंतर त्यांच्या डोळ्यांतून काचेचे तेरा तुकडे काढावे लागले. श्रेयावरूनही कुरबूर झाली. १८२४ मध्ये फॅरेडे रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, ते अध्यक्ष डेव्ही यांचा विरोध असताना. लोहाराचा हा मुलगा चौदाव्या वर्षी बुकबाइंडरकडे उमेदवारीला लागला होता आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकला होता. डेव्ही यांच्या व्याख्यानांची टिपणे बांधून त्यांनाच पाठवल्यावर १८१३ मध्ये त्याला प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. गुरूचा विरोध त्यांना किती लागला असेल, याची कल्पना यावरून करता येते.

त्या स्फटिकांची रचना फॅरेडे यांना कळणे शक्य नव्हते. पाण्याचे रेणू पिंजरा करतात आणि त्यात क्लोरीन कोंडला जातो, हे क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५२ मध्ये स्पष्ट झाले. आता पिंजऱ्याला यजमान आणि आतल्या रेणूला पाहुणा म्हणतात. दोघांत पक्का रासायनिक बंध नसतो, म्हणून उष्णता मिळाली की पाहुणा निघून जातो.

विजेवरच्या संशोधनाने फॅरेडे यांचे नाव जगभर झाले, पण तो भाग सर्वांना ठाऊक आहे. साठी ओलांडल्यावर, स्मरणशक्ती दगा देऊ लागली असताना, ते सोन्याकडे वळले. सोन्याच्या क्षारांच्या द्रावणावर त्यांनी फॉस्फरसची क्रिया घडवली आणि माणिकासारखा लाल द्रव मिळवला. त्यातून प्रकाशझोत सोडला की त्याची वाट उजळून दिसे. लाल रंग हा अतिसूक्ष्म सोन्याचाच आहे, असा निष्कर्ष त्यांनी १८५७ च्या व्याख्यानात मांडला. ते कण सूक्ष्मदर्शकातून दिसत नव्हते, हे लक्षात घेतले की या तर्काचे मोल कळते. त्यांच्या काही बाटल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आहेत आणि आतला द्रव अजून लालच आहे. १८६७ मध्ये फॅरेडे यांचे निधन झाले.

त्यांचे हे दोन स्वतंत्र प्रयोग आज औषधशास्त्रात एकत्र येत आहेत. सोन्याचे नॅनोकण ठरावीक रंगाचा प्रकाश शोषून चटकन तापतात. त्यांवर सायक्लोडेक्स्ट्रिनसारखी कडी जोडता येते. ही ग्लुकोजच्या सहा ते आठ घटकांची साखळी असते आणि तिच्या पोकळीत औषधाचा रेणू बसतो. प्रकाश टाकला की कण तापतो, कडीची पकड ढिली होते आणि औषध तिथेच सुटते. केमोथेरपीचे औषध सगळ्या शरीरात फिरते, केस गळतात, तोंड येते, रक्तपेशी घटतात. ते फक्त गाठीपाशी सुटले तर हा त्रास बराच वाचेल. कणांना दांडीचा आकार दिला तर ते अवरक्ताजवळचा प्रकाश शोषतात. हा प्रकाश त्वचेतून दृश्य प्रकाशापेक्षा खोल जातो, तरी फार खोल नाही. शिवाय सोन्याचे कण यकृतात आणि प्लीहेत साठतात, त्यामुळे हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच सुरू आहे.