हाडवैद्य ते ‘सर’ : हर्बर्ट बार्कर

१९३६ च्या जुलै महिन्यातील एका दिवशी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शंभराहून अधिक शल्यविशारद एकत्र जमले होते. समोर सांधे आखडलेले, गुडघे अडकलेले रुग्ण होते आणि त्यांच्यावर उपचार करणारा सदुसष्ट वर्षांचा गृहस्थ डॉक्टर नव्हता. वैद्यकशास्त्राची कोणतीही पदवी त्याच्यापाशी नव्हती. तीस वर्षांहून अधिक काळ ज्या व्यवसायाने त्याला भोंदू ठरवले, त्याच व्यवसायाची माणसे आता त्याच्या बोटांच्या हालचाली बारकाईने न्याहाळत होती. सर हर्बर्ट अ‍ॅटकिन्सन बार्कर यांच्या आयुष्यातला हा बहुधा सर्वांत समाधानाचा दिवस असावा. मात्र, तो उगवण्यापूर्वी त्याची किंमत दुसऱ्याच एका माणसाने चुकती केली होती.

बार्कर यांचा जन्म १८६९ साली इंग्लंडमधील साउथपोर्ट येथे झाला. वडील कायद्याच्या व्यवसायात होते. मुलाची प्रकृती तोळामासा. हवापालटासाठी त्याला कॅनडाला धाडण्यात आले आणि त्या प्रवासात जहाजावरच एका सहप्रवाशाचा निखळलेला कोपर त्याने जागेवर बसवला, असे सांगितले जाते. ही उपजत हातोटी पाहूनच त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. जॉन अ‍ॅटकिन्सन हे नात्यातले गृहस्थ लंडनमधील नावाजलेले हाडवैद्य होते. त्यांच्या हाताखाली उमेदवारी करून बार्कर यांनी ही विद्या आत्मसात केली. पुढे इंग्लंड-स्कॉटलंडमधील काही शहरांत उमेदीची वर्षे काढल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी लंडनच्या श्रीमंती पार्क लेन भागात बस्तान बसवले.

आपल्याकडे तालमीत खांदा उतरलेला पहिलवान जसा आधी हाडवैद्याकडे जातो, तशीच रीत इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. अठराव्या शतकात एप्सम येथे सारा मॅप नावाच्या स्त्रीने या विद्येवर मोठे नाव कमावले होते. तत्कालीन डॉक्टरांना या मंडळींचा तिटकारा असला, तरी काही जाणत्यांना त्यामागचे मर्म उमगले होते. सर जेम्स पॅजेट यांच्यासारख्या थोर शल्यविशारदाने १८६७ मध्येच एका व्याख्यानात, हाडवैद्य कोणते रुग्ण बरे करतात याचा विचार मांडून आपल्या सहकाऱ्यांना जागे करण्याचा प्रयत्न केला होता. वॉर्टन हूड या डॉक्टरने तर एका हाडवैद्याकडून ती कला शिकून घेतली आणि १८७१ मध्ये तिच्यावर पुस्तकही लिहिले. तरीही मोठमोठ्या रुग्णालयांचे दरवाजे बंदच राहिले.

बार्कर यांच्या दाराशी जी रीघ लागे, तिच्यात खेळाडूंचा भरणा मोठा होता. त्यांतही गुडघा दुखावलेले फुटबॉलपटू अधिक. पाय जमिनीवर रोवलेला असताना शरीर गर्रकन वळले की गुडघ्यातील कूर्चेची चकती फाटते किंवा सरकते आणि सांधा अडकून बसतो. त्या काळचा सर्वमान्य उपाय म्हणजे फळी बांधून दीर्घकाळ विश्रांती. पण दीर्घ विश्रांतीने स्नायू वाळत, सांध्यात चिकटे धरत आणि ऐन विशीतल्या खेळाडूची कारकीर्द संपुष्टात येई. बार्कर रुग्णाला भूल देववीत, सांधा विशिष्ट कोनात वाकवून, वळवून एका झटक्यात मोकळा करीत आणि लगोलग हालचाल सुरू करायला लावीत. कुबड्यांवर आलेला तरुण चालत परत गेल्याच्या वार्ता वृत्तपत्रांत झळकू लागल्या. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्यासारख्या नामवंत साहित्यिकाने त्यांची बाजू हिरिरीने मांडली.

मात्र, बार्कर स्वतः भूल देऊ शकत नव्हते. त्यासाठी त्यांना नोंदणीकृत डॉक्टरची गरज होती आणि ती भागवली डॉ. फ्रेडरिक अ‍ॅक्सहॅम यांनी. सत्तरीच्या घरातील या वृद्ध डॉक्टरने बार्कर यांचे काम जवळून पाहिले होते आणि त्यांच्या रुग्णांना भूल देण्यात त्यांना काहीच वावगे वाटले नाही. वैद्यक परिषदेला मात्र वाटले. अपात्र व्यक्तीला साह्य केल्याच्या ठपक्यावरून १९११ मध्ये अ‍ॅक्सहॅम यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून कमी करण्यात आले. बार्कर यांचे नाव कोणत्याच नोंदवहीत नसल्याने त्यांना शिक्षा करण्याचा परिषदेला अधिकारच नव्हता. तो आसूड सहकाऱ्याच्या पाठीवर उमटला.

याच वर्षी बार्कर यांच्यावरही एक गंभीर प्रसंग ओढवला. त्यांनी हाताळलेला एका रुग्णाचा गुडघा सुधारण्याऐवजी चिघळला आणि अखेर पाय कापावा लागला. त्या सांध्यात क्षयाचा शिरकाव झालेला होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल बार्कर यांच्या विरोधात लागला. त्यांच्या चाहत्यांना हा सूडाचा प्रकार वाटला, विरोधकांना न्यायाचा विजय. परंतु त्या पराभवात दडलेले सत्य दोन्ही बाजूंच्या गदारोळात काहीसे झाकोळून गेले. सूज कशाची आहे, हे बोटांना नेहमीच कळत नाही. कूर्चा सरकलेल्या गुडघ्याला जो झटका तारतो, तोच रोगट गुडघ्याचा घात करू शकतो.

पहिल्या महायुद्धात जायबंदी सैनिकांवर उपचार करण्याची तयारी बार्कर यांनी दर्शविली. ब्रिटिश संसदेत त्यावर चर्चा झडल्या, परंतु लष्करी वैद्यक खात्याने त्यांना जवळ केले नाही. समाजाने मात्र आपला कौल केव्हाच दिला होता. १९२२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९२७ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या एक वर्ष आधीच, १९२६ मध्ये, अ‍ॅक्सहॅम यांनी जगाचा निरोप घेतला होता. त्यांचे नाव नोंदवहीत पुन्हा दाखल व्हावे म्हणून झालेले सारे प्रयत्न निष्फळ ठरले होते. हाडवैद्य सरदार झाला आणि त्याला साथ देणारा डॉक्टर बहिष्कृत म्हणूनच गेला!

सेंट थॉमसमधील प्रात्यक्षिकानंतर बार्कर यांच्या विद्येची दखल घेणे व्यवसायाला भाग पडले. १९५० मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ही कहाणी केवळ इंग्लंडची नाही. बार्कर तरुण असताना, १८९५ मध्ये, अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी मणक्यांना हाताने झटका देण्याच्या ‘कायरोप्रॅक्टिक’ पद्धतीचा पाया घातला. त्यांनाही विनापरवाना उपचार केल्याबद्दल १९०६ मध्ये तुरुंगाची हवा खावी लागली. तिथेही डॉक्टरांनी या मंडळींशी संबंध ठेवू नयेत, असा दंडक दीर्घकाळ होता. १९८० च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये जॉर्ज गुडहार्ट हे कायरोप्रॅक्टर अमेरिकी पथकासोबत गेले आणि १९८७ मध्ये तेथील न्यायालयाने डॉक्टरांच्या संघटनेचा बहिष्कार बेकायदा ठरवला. मैदानाचा दरवाजा उघडला, तो असा.

दरवाजा उघडला म्हणून १९११ चा धडा मात्र जुना होत नाही. वाढत्या वयातील खेळाडूच्या हाडांच्या टोकांशी वाढीची कोवळी पट्टी असते आणि बऱ्याचदा ती अस्थिबंधांपेक्षाही कमकुवत असते. त्यामुळे जी वरवर लचक वाटते, ते प्रत्यक्षात त्या पट्टीचे मोडणे असू शकते. गुडघ्याजवळचा हाडाचा कर्करोगही नेमका याच वयात उद्भवतो आणि अनेकदा खेळातली दुखापत म्हणून दुर्लक्षिला जातो. सांध्यांचा क्षय आपल्याकडे आजही आढळतो. म्हणूनच न उतरणारी सूज, रात्री झोपमोड करणारे दुखणे, अडकलेला सांधा, हातापायाला येणाऱ्या मुंग्या यांपैकी काहीही असेल, तर आधी तज्ज्ञांकडून निदान, गरजेनुसार क्ष-किरण वा एमआरआय, आणि मगच हाताचे उपचार, हाच क्रम योग्य. लवकर मैदानात परतण्याची घाई मुलांना असतेच. ती पालकांना आणि प्रशिक्षकांना असू नये.

बार्कर यांच्या हातात जादू नव्हती, कौशल्य होते. त्यांना कमी पडली ती निदानाची जोड. डॉक्टरांपाशी निदानाचे शास्त्र होते, त्यांना कमी पडला तो दुसऱ्याकडून शिकण्याचा मोठेपणा. या दोहोंमधल्या भिंतीपायी एका रुग्णाने पाय गमावला आणि एका सज्जन डॉक्टरने आपले नाव. जखमी गुडघा घेऊन दारात उभ्या राहिलेल्या कोवळ्या खेळाडूला ही भिंत पुन्हा आडवी येऊ नये, एवढे जरी आपण पाहिले, तरी डॉ. अ‍ॅक्सहॅम यांचे ऋण काही अंशी फिटेल.