पोरं शाळेत येईनात, म्हणून शाळाच कुरणात नेली! कोसबाडच्या अनुताई वाघ

स्मृतिदिन विशेष | २७ सप्टेंबर

डहाणू : आज गावागावांत अंगणवाडी आहे. पण तिची सुरुवात आपल्याच भागात झाली, हे किती जणांना ठाऊक आहे?

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. पण वडील मागे हटले नाहीत, लेकीला पुन्हा शिकवलं. अनुताई शिक्षिका झाल्या. पुण्यात चांगली नोकरी होती. ती सोडून १९४५ मध्ये त्या ताराबाई मोडक यांच्यासोबत बोर्डीला आल्या.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण गरीब वस्तीतली पोरं तिकडे फिरकेनात. मग या दोघींनी वस्तीतल्या अंगणातच शाळा भरवली. तीच अंगणवाडी. पोरांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इथं अडचण आणखी मोठी. वारली पोरं घरी आपली बोली बोलायची, पुस्तकं मात्र शहरी मराठीत. त्यातली घरं, वस्तू, माणसं, काहीच ओळखीचं नाही. शिवाय दिवसभर गुरं राखायची. धाकट्या भावंडाला सांभाळायचं. पोरांना शिकायचंच नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. अनुताईंनी मात्र शाळेतच बदल केला. पोरं गुरं चारतात तिथंच शाळा भरवली, तिला नाव पडलं कुरणशाळा. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर काढलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणणारी विकासवाडी उभी राहिली. शिकवायला पानं, बिया, खडे, शिंपले. पोरांच्या ओळखीच्या वस्तू, आणि त्याही फुकटच्या!

१९७३ मध्ये ताराबाई गेल्या. अनुताईंनी काम पुढे चालवलं. १९७५ मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. १९८५ मध्ये अनुताईंना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी कोसबाडलाच त्यांचं निधन झालं.

आजही कितीतरी पोरं घरची बोली घेऊन पहिलीच्या वर्गात बसतात आणि गप्प राहतात. आपण त्यांना लगेच कच्चं ठरवतो. तुमच्या पाड्यावरचं पोर शाळेत बोलत नसेल, तर आधी बघा, शाळा त्याच्याशी त्याला कळेल असं बोलते का?