विश्लेषण : भिंत न वाढवता खडकवासल्याचा पाणीसाठा कसा वाढला?

म्हैसूर संस्थानातून शिष्यवृत्तीवर पुण्यात शिकायला आलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ मध्ये आजच्या सीओईपीतून इंजिनीअर झाले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. पुण्याची तहान भागवणाऱ्या खडकवासला धरणाच्या सांडव्यावरून पावसाळ्यात पाणी वाहून जायचं. १९०३ मध्ये त्यांनी तिथे स्वयंचलित दरवाजे बसवले. एरवी ते पाणी अडवत. ठरलेली पातळी ओलांडली की आपोआप उघडत, पाणी उतरलं की मिटत. भिंत तेवढीच राहिली, साठा वाढला. पुण्यात घडलेलं हे तंत्र पुढे त्यांनी आपल्या संस्थानात, कावेरीवरच्या कृष्णराजसागर धरणासाठी नेलं. खडकवासल्याची जुनी भिंत १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुरात फुटली. नऊ महिन्यांनी, १४ एप्रिल १९६२ रोजी विश्वेश्वरय्या यांचं निधन झालं.