विश्लेषण : सिमेंटच्या पत्र्याचे जनक लुडविग हाचेक कोण होते? त्यांच्या पत्र्याचा फुफ्फुसाशी काय संबंध?

नागपूरहून अमरावती रोडने वाडीकडे निघाले की ट्रान्सपोर्टची गोदामे, गॅरेज आणि त्यांच्या मागे कामगारांच्या वस्त्या लागतात. यातल्या कितीतरी छपरांवर राखाडी, नालीदार पत्रे दिसतात. कवेलूवर माकडे नाचली की ते फुटतात, टिन उन्हात तापते आणि पावसात कानठळ्या बसवते. म्हणून अनेकांनी हा तिसरा पर्याय घेतला. दुकानात त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतात. त्यातल्या ॲस्बेस्टॉसचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. मृगाच्या आधी छपरे दुरुस्त करण्याची घाई सुरू होते, तेव्हा या पत्र्यांना भोके पाडली जातात, ते कापले जातात, फुटके खाली टाकले जातात. हा पत्रा आला कुठून, हे समजण्यासाठी सव्वाशे वर्षे मागे, ऑस्ट्रियात जावे लागते.

बिअरच्या धंद्यातून छपराकडे

लुडविग हाचेक यांचा जन्म १८५६ मध्ये मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या एका खेड्यात झाला. वडिलांचा धंदा बिअर बनवण्याचा. कुटुंब ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात आले आणि लुडविगही घरच्या कारखान्यात रुजू झाले. पण त्यांचे मन तिथे रमले नाही. आपला वाटा घेऊन ते बाहेर पडले आणि १८९३ मध्ये फ्योक्लाब्रुक गावाजवळची एक जुनी कागद गिरणी विकत घेऊन तिथे ॲस्बेस्टॉसच्या वस्तू बनवू लागले.

ॲस्बेस्टॉस हे खाणीतून निघणारे खनिज. दगडच, पण कापसासारखा पिंजता येणारा. त्याचा धागा कातता येतो, कापड विणता येते आणि ते जळत नाही. वाफेच्या इंजिनांच्या त्या काळात बॉयलर आणि नळ्यांभोवती गुंडाळायला त्याला मोठी मागणी होती. हाचेक यांची नजर मात्र छपरावर होती. लाकडी फळ्यांची छपरे पेट घेत, पाटीच्या दगडाची जड आणि महाग पडत, टिन गंजे. हलके, स्वस्त, न जळणारे आणि थंडीत न तडकणारे छप्पर त्यांना हवे होते.

कागदाच्या यंत्रावर सिमेंट

सिमेंटचा पातळ पापुद्रा केला तर तो तडकतो. आपल्याकडे मातीच्या भिंतीला तडे जाऊ नयेत म्हणून मातीत कुटार मिसळतात. हाचेक यांनी सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळले. साधारण नऊ भाग सिमेंट आणि एक भाग तंतू. पण खरी अडचण होती ती या मिश्रणाचा सलग, सारख्या जाडीचा पत्रा काढण्याची. उत्तर त्यांच्या गिरणीतच होते. कागद बनवायच्या यंत्रात जाळीचे गोल पिंप लगद्यात फिरते, त्यावर पातळ थर चढतो, तो थर लोकरी पट्ट्यावर उचलला जातो. हाचेक यांनी लगद्याच्या जागी पाणी, सिमेंट आणि तंतूंचे पातळ मिश्रण ओतले. थरावर थर मोठ्या रोलरवर गुंडाळायचे, हवी तेवढी जाडी झाली की कापून सपाट करायचे. ओला असतानाच साच्यावर ठेवला की नालीदार पत्रा तयार!

कित्येक वर्षे प्रयोग केल्यावर १९०० मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०१ मध्ये ते मिळाले. चिरंतन या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून मालाला नाव दिले एटर्निट. पद्धत इतकी सोपी होती की परवाने घेऊन देशोदेशी कारखाने उघडले. स्वित्झर्लंडमध्ये १९०३ मध्ये, पाठोपाठ इटलीत. हाचेक श्रीमंत झाले. सिमेंट बाहेरून घ्यावे लागू नये म्हणून त्यांनी सिमेंटचा कारखानाही काढला. लिंझमधल्या एका टेकडीवरचे सार्वजनिक उद्यान त्यांच्याच पैशातून उभे राहिले. जुलै १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध सुरू होण्याच्या तोंडावर, वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आजही जगभरातल्या पत्र्याच्या कारखान्यांत, भारतातल्यासुद्धा, या पद्धतीला हाचेक प्रक्रियाच म्हणतात.

धोका तेव्हा माहीत नव्हता का?

इथे तारखा जुळवून पाहण्यासारख्या आहेत. १८९८ मध्ये ब्रिटनमधल्या कारखाना निरीक्षक लुसी डीन यांनी ॲस्बेस्टॉसच्या धुळीने कामगारांची प्रकृती बिघडते, असे सरकारी अहवालात नोंदवले होते. १८९९ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात डॉ. मॉन्टेग्यू मरे यांच्याकडे ॲस्बेस्टॉस पिंजणारा एक कामगार दम लागतो म्हणून आला आणि पुढच्या वर्षी गेला. शवविच्छेदनात त्याची फुफ्फुसे राठ झालेली आढळली. म्हणजे हाचेक पेटंटचा अर्ज भरत होते, त्याच सुमाराला आजाराच्या पहिल्या नोंदी होत होत्या.

तरी सगळा दोष या एका माणसाच्या माथी मारणे योग्य नाही. ठोस वैद्यकीय पुरावा त्यांच्या मृत्यूनंतर आला. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या नेली केर्शॉ लहान वयात ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत लागल्या आणि १९२४ मध्ये ३३ व्या वर्षी वारल्या. त्यांच्या फुफ्फुसाची तपासणी वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि काही वर्षांत या आजाराला ॲस्बेस्टॉसिस हे नाव मिळाले. कंपनीने भरपाई नाकारली होती. १९३१ मध्ये ब्रिटनने धूळ आवरण्याचे नियम केले. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी वाईट बातमी आली. फुफ्फुसाच्या आवरणाचा दुर्मीळ कर्करोग, मेसोथेलिओमा, खाणीत कधीच काम न केलेल्या पण आसपास राहिलेल्या लोकांनाही झाला होता. एवढे कळल्यानंतरही पत्रे विकणाऱ्यांना मात्र जाब विचारायलाच हवा.

हाचेक यांच्या परवान्यावर उभ्या राहिलेल्या इटलीतल्या कासाले मोनफेर्रातो गावाची कथा वाडीकरांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. कारखान्यातला उरलेला भुसा तिथले लोक अंगणात, रस्त्यावर भराव म्हणून टाकत, माळ्यावर पसरत. कारखाना १९८६ मध्ये बंद पडला, पण कामगारांबरोबर त्यांच्या बायका, शेजारी, गावात फक्त वाढलेली मुलेही दगावत राहिली.

आजार होतो कसा?

तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासातून ते फुफ्फुसात खोलवर जातात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत. फुफ्फुस हळूहळू राठ होते, किंवा पेशी बिघडून कर्करोग होतो. आजार दिसायला बहुधा २० ते ४० वर्षे लागतात, त्यामुळे तिशीत पत्रे कापणाऱ्याला साठीत दम लागतो तेव्हा कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैकपटीने वाढतो. कामाच्या ठिकाणी ॲस्बेस्टॉसशी संपर्क आल्याने जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक मृत्यू होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

भारतात बंदी का नाही?

हाचेक यांच्या ऑस्ट्रियाने १९९० मध्ये बंदी घातली, २००५ पासून संपूर्ण युरोपीय संघात आहे. भारतात पत्र्याचे कारखाने १९३० च्या दशकात ब्रिटनच्या टर्नर अँड न्यूऑल कंपनीने आणले, मुंबईत मुलुंडलाही. नेली केर्शॉ ज्या गिरणीत होत्या, ती याच समूहातली. आज देशात खाणकाम थांबले असले तरी पांढरे ॲस्बेस्टॉस रशिया, कझाकस्तानसारख्या देशांतून येते. पांढरा प्रकार सुरक्षित आहे आणि तो सिमेंटमध्ये बांधलेला असतो, असा उद्योगाचा दावा. जागतिक आरोग्य संघटना सर्वच प्रकार कर्करोगकारक मानते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये कामगारांच्या तपासण्या आणि नोंदी ४० वर्षे जपण्याचे आदेश दिले, पण ते कारखान्यांपुरते. छपरावर चढणारा मिस्त्री त्यात येत नाही. मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगारांची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा पाचपैकी एकाहून अधिक जणांना ॲस्बेस्टॉसिस आढळला होता.

मग घरावरचा पत्रा काढायचा का?

धडधाकट, न फुटलेल्या पत्र्याखाली राहण्याचा धोका कमी आहे. घाईने तो तोडून काढणे उलट जास्त वाईट. धोका असतो तो कापताना, भोके पाडताना, फोडताना. जुना झाला की वरचे सिमेंट झिजते आणि तंतू मोकळे होऊ लागतात. तेव्हा शेवाळ खरवडणे, तारेच्या ब्रशने घासणे टाळावे.

काम करावेच लागले तर पत्रा आधी ओला करावा, कटर मशीन न वापरता नट-बोल्ट सोडवून तो अख्खा उतरवावा, मुलांना लांब ठेवावे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क हे तंतू अडवत नाही, घट्ट बसणारा रेस्पिरेटर लागतो. खाली पडलेला भुगा झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसून फडक्यासकट पिशवीत बंद करावा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत. फुटके तुकडे अंगणात, रस्त्याच्या खड्ड्यात किंवा जोत्यात भराव म्हणून टाकणे तर नकोच.

नवा पत्रा घेताना त्यावरचा शिक्का पाहा. आयएस ४५९ हे ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या नालीदार पत्र्याचे मानक आहे. ॲस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंटचे पत्रेही बाजारात मिळतात. दुकानदाराकडून तसे बिलावर लिहून घ्या. आणि अनेक वर्षे छपराचे काम केलेल्या कोणाला कोरडा खोकला किंवा चढताना दम लागत असेल, तर डॉक्टरांना आपले काम कोणते होते हे आधी सांगा. छातीचा एक्स-रे त्या नजरेने पाहिला जाईल.