सर्वधर्म परिषदेतील जैन प्रतिनिधी : वीरचंद राघवजी गांधी

इ. स. १८९३ मध्ये शिकागो येथे भरणाऱ्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी तथा आत्मारामजी महाराज यांना आले. साध्वाचारानुसार समुद्रप्रवास वर्ज्य असल्याने आचार्यश्रींनी एका तरुण श्रावकाची निवड केली. ते श्रावक म्हणजे वीरचंद राघवजी गांधी.

सौराष्ट्रातील महुवा येथे २५ ऑगस्ट १८६४ रोजी जन्मलेले वीरचंदभाई १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले. परदेशगमनास समाजातील अनेकांचा विरोध होता. तो सोसून वयाच्या २९व्या वर्षी त्यांनी शिकागोच्या व्यासपीठावर जैन तत्त्वज्ञान मांडले. त्याच परिषदेत एका पाद्र्याने हिंदू धर्मावर कठोर टीका केली, तेव्हा उत्तर देण्यास हे जैन प्रतिनिधी उभे राहिले. स्वधर्म सांगताना परधर्माचीही बाजू जाणून घ्यावी, हा अनेकांत त्यांनी आचरणातून दाखविला. पुढे अमेरिका व इंग्लंडमध्ये जैन दर्शनासह अन्य भारतीय दर्शनांवरही त्यांनी व्याख्याने दिली.

७ ऑगस्ट १९०१ रोजी, वयाची ३७ वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, मुंबईत त्यांचे देहावसान झाले. ज्या समाजात त्यांच्या प्रस्थानास विरोध झाला, तोच समाज आज त्यांचे नाव अभिमानाने घेतो. त्यांच्या पुण्यस्मृतीस विनम्र भावांजली!