उषा मेहता आणि दिशेच्या दोन रेषा

धुळ्यात कुणी बेकायदा मोबाइल बूस्टर लावला, की शेजाऱ्यांचं नेटवर्क बिघडतं. तो सापडतो कसा? दोन ठिकाणांहून सिग्नलची दिशा मोजायची. रेषा छेदतात तिथे बूस्टर. यावरून मला उषा मेहता आठवतात. 1942 मध्ये, वयाच्या 22व्या वर्षी, त्या मुंबईत सहकाऱ्यांसोबत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होत्या. तरंगलांबी 42.34 मीटर, म्हणजे साधारण 7 मेगाहर्ट्झ. सरकार त्यावर गोंगाट सोडायचं, ट्रान्समीटरची दिशाही शोधायचं. म्हणून त्या सारखी जागा बदलायच्या. रेषा चुकवल्या, पण पकडलेल्या एका तंत्रज्ञाने ठिकाण दाखवलं. 12 नोव्हेंबरला अटक, 1946 पर्यंत तुरुंग. पुढे त्यांनी राज्यशास्त्र शिकवलं. 2000 मध्ये त्या वारल्या. प्रक्षेपण सुरू झालं की पत्ता उघडा पडू शकतो, हे ठाऊक असूनही त्या बोलत राहिल्या.